पगार थकलाय? अभिनंदन, तुम्ही सरकारचे सावकार झालात

तीन महिने पगार नाही म्हणून तोंड पाडून बसलाय ना? अहो, कशाला! कालपर्यंत तुम्ही गोव्यातल्या सरकारी महामंडळातले साधे नोकर होता, आज त्याच महामंडळाचे सावकार झालात. काम आधी देऊन टाकलंत, पैसे मिळतील तेव्हा मिळतील, याला दुसरं काय म्हणतात? आणि सावकार पण असा की व्याज नाही, तारण नाही, कागद नाही.

आता सरकार बाकीच्यांकडून कर्ज काढतं ते कसं बघा. रिझर्व्ह बँकेत राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव होतो, बहुतेक मंगळवारी, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांचं व्याज दर सहा महिन्यांनी गुपचूप खात्यात जमा, त्यांना कोणी ‘फाल्यां येयात’, म्हणजे उद्या या, सांगत नाही. तुम्ही मात्र फाईल कुठे अडकली ते विचारायला स्वतःच्या खिशातलं तिकीट काढून पर्वरीला सचिवालयात जाता, वर हात जोडून उभे राहता. सावकार कधी हात जोडतो का पात्रांव (मालक)?

तिथल्या क्लार्कवर मात्र चिडू नका. त्याचा पगार वेळेवर झालेला असतो म्हणून तो शांत असतो, आपण त्याच्याकडून शांतपणा शिकायचा. ‘फाईल फायनान्सला गेलीय’ म्हणाला की मान डोलवायची. फायनान्सवाले म्हणतील क्वेरी काढून परत पाठवलीय, तरी मान डोलवायची. मानेचा व्यायाम होतो, फुकट.

कायद्याचं नाव तर काढूच नका, उगाच वातावरण बिघडतं. 1936 सालचा पगाराचा कायदा होता, हजारापेक्षा कमी कामगार असतील तर 7 तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर 10. पण 1936 ला आपल्याकडे पोर्तुगीज होते ना, तो कायदा इकडे यायला 1961 उलटावं लागलं, त्यामुळे काही टेबलांपर्यंत अजून पोचला नसेल, समजून घ्या. त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन वेतन संहिता आली, मासिक पगाराला त्यातही 7 तारीखच आहे, फक्त कुठल्या महिन्याची ते आपण विचारायचं नाही.

आणि ते आंध्रचं प्रकरण कोणाला सांगू नका हां. 2020 मध्ये कोविडच्या नावाने तिथल्या सरकारने पगार आणि पेन्शनचा काही भाग थांबवून ठेवला, लोक कोर्टात गेले, हायकोर्टाने 12 टक्के व्याज द्या म्हटलं, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते 6 वर आणलं, पण व्याज द्यायला लावलंच. म्हणजे पगार उशिरा दिला तर व्याज लागू शकतं! असले वाईट विचार मनात आणून आपली बिनव्याजी परंपरा मोडायची नाही.

अगदीच राहवलं नाही तर पणजीच्या आझाद मैदानावर धरणं धरा, पण पावसात नको, ताप आला तर औषधाला पैसे कुठून आणणार. नोव्हेंबर बरा. 2004 पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीतच असतो, छान लाइटिंग असतं, बसल्या बसल्या बघायला मिळतं. फंड आला नाही म्हणून दिवे लागले नाहीत असं निदान मी तरी कधी ऐकलेलं नाही.

राहिला घरखर्च. तो गावातला दुकानदार चालवतो. तांदूळ, तेल, साबण, मुलाची वही, सगळं वहीत लिहून देतो, म्हणजे तुम्ही सरकारला उधार देता आणि तो तुम्हाला, हिशेबाने बघितलं तर राज्याचा खरा फायनान्सर तो बिचारा, त्याच्या दुकानावर पाटी लावायला पाहिजे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान बांधता बांधता तो हळूच विचारेल, ‘चवथीच्या आधी होईल ना हो काहीतरी?’

मान डोलवा आणि सांगा, फाईल फायनान्सला गेलीय.