बिडाचा तवा खुशाल घ्या, लाल गोळी मात्र सोडू नका

गावातल्या बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय: बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तव्यावरची भाकर रोज खा, महिनाभरात रक्त भरून येतं, लोहाच्या गोळ्या बंद करा. तव्याला साबण लागला की तो विषारी होतो. बिडात आंबट शिजवलं की जहर होतं. चुंबक चिकटलं तरच बीड अस्सल. गंजलेला तवा घरात ठेवू नका. हा मेसेज माझ्या धाकट्या जावेपर्यंत पोचला. तिला सहावा महिना लागलाय, रक्त आधीच कमी. आशाताईंनी दिलेलं लाल गोळ्यांचं पाकीट तिनं पिठाच्या डब्यामागं सारून दिलं. विचारलं तर म्हणते, “थ्या गोयीनं मयमयते वं ताई, अन् तवा तं घरी हायेच.”

त्यामुळे आधी गोळीचंच बोलते.

बिडाच्या भांड्यातून अन्नात लोह उतरतं, हे खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. 1986 साली अमेरिकन डायटेटिक असोसिएशनच्या नियतकालिकात याची मोजणी छापून आली होती. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसमध्ये 100 ग्रॅममागं लोह साधारण 0.6 मिलिग्रॅमवरून 5.7 च्या आसपास गेलं. मक्याच्या ब्रेडमध्ये मात्र ते 0.67 वरून जेमतेम 0.86 झालं. आंबट, पातळ आणि बराच वेळ रटरटणारा पदार्थ भांड्यातलं लोह ओढतो, कोरडा पदार्थ ओढत नाही. आता आपली ज्वारीची भाकर बघा. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, की लगेच जाळासमोर फुगायला. तेवढ्या वेळात तिच्यात लोह उतरणार किती? त्यात तवा तेलानं चांगला मुरलेला असला तर लोह आणखी कमी सुटतं. म्हणजे मेसेजवाल्यानं रक्त वाढवायला भाकर सांगितली, आणि ज्या आंबट पदार्थात लोह खरंच उतरतं त्यालाच जहर ठरवलं.

आणि गोळीत काय असतं? गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. एवढं लोह त्या टोमॅटोच्या सॉसमधून घ्यायचं तर रोज किलोभर सॉस खावा लागेल. फॉलिक अ‍ॅसिड तर कुठल्याच तव्यातून येत नाही. मळमळ होते हे खरंय, पण त्यावर उपाय आहेत. रात्रीच्या जेवणानंतर तासाभरानं घ्या, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. तरीही त्रास झाला तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, पाकीट लपवू नका.

आपल्या भागात याहून मोठा धोका आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूरपर्यंत सिकलसेलची कुटुंबं आहेत. त्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं. तिथं तव्यातल्या लोहानं काही होणार नाही. रक्त कमी निघालं की त्याचं कारण तपासून घ्यायचं असतं. ‘महिनाभर भाकर खा’ यावर विसंबून एखादी पोर तपासणीलाच गेली नाही, तर त्याला जबाबदार कोण? हा मेसेज पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकानं याचं उत्तर द्यावं.

आंबटाचं जहर होत नाही. आंबाडीची भाजी किंवा चिंचेचं सार बिडाच्या कढईत काळपट पडतं आणि जिभेला लोखंडाची चव लागते, म्हणून शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवायचं. नव्या तव्याचा तेलाचा थरही आंबटानं निघतो, म्हणून आधी तो थर बसू द्यावा.

साबणाचंही तसंच. तव्यावरचा काळा थर म्हणजे तापून घट्ट झालेलं तेल. हल्लीच्या भांड्याच्या साबणाचा थोडा फेस लावून लगेच धुतलं तर तो जात नाही. पूर्वीच्या कॉस्टिकच्या साबणानं जायचा, ही भीती तिथूनच आलेली दिसते. खरं तर राखेनं खसाखसा घासणं जास्त वाईट, कारण राखेत खार असतो आणि ती खरवडतेही. धुतलं की पुसून, चुलीवर क्षणभर तापवून, तेलाचा हलका हात फिरवायचा. जवसाचं तेल आपल्याकडं सहज मिळतं आणि त्याचा थर कडक बसतो, पण अगदी पातळ लावा. जाड लावलं तर पापुद्रे सुटतात.

चुंबक पत्र्याच्या तव्यालाही चिकटतं, त्यानं बीड ओळखू येत नाही. बीड जड आणि जाड असतं, अंगावर रेतीसारखा खरखरीतपणा असतो. घेताना बोटानं टिचकी मारा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बारीक चीर असू शकते. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का तेही बघा. थंडीत गार तव्याखाली एकदम पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) भडका करू नका आणि तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं.

गंजलेला तवा घासणीनं घासा, सुकवा, तेल लावून तापवा, पुन्हा दोन-तीनदा तसंच करा, कामाला येतो. तडा गेलेला असेल तर मात्र भंगारवाल्याला द्या.