मामा, ते फॉइल काढ आधी!

‘राउटरमागे फॉइल लावा, वाय-फाय अर्धा किलोमीटर जाईल. कंपन्या हे लपवतात!’ असा एक मेसेज फिरतोय, सोबत आणखी तीन जुगाड. चार ग्रुपांवर आला तेव्हा मी गप्प बसलो. पण रविवारी मामाने आवाराच्या टोकाच्या खोलीत नेट न्यायचं म्हणून राउटर चारही बाजूंनी फॉइलमध्ये गुंडाळला. टोकाला काही पोचलं नाहीच, उलट शेजारच्याच खोलीत आजीचा व्हिडिओ कॉल बंद पडला. हवा जायची भोकंही झाकलेली, त्यामुळे राउटर हात लावू देईना.

यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी 2017 मध्ये थ्रीडी प्रिंटरवर खास वळणाचे पडदे बनवले, त्यांना धातूचा पातळ थर दिला आणि दाखवलं की सिग्नल हवा तिकडे वळवता येतो, नको तिथे अडवता येतो. पण ते सगळं घराच्या आत. फॉइल सिग्नल जन्माला घालत नाही, इकडचा काढून तिकडे देतं. आता हिशेब करा. मोकळ्या हवेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथा हिस्सा उरतो. म्हणजे 50 मीटरवर जेमतेम चालणारं नेट 500 मीटरवर तसंच हवं असेल, तर 100 पट जोर लागतो. तो काय फॉइलच्या तुकड्यातून येणार?

दुसरा जुगाड, ‘सेटिंगमध्ये पॉवर फुल करा.’ राउटर ओरडेल हो, पण मोबाइलचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचायला नको? कांड्या फुल आणि पान उघडत नाही, असं होतं ते यामुळेच.

तिसरा, ‘रिपीटर टोकाच्या खोलीत लावा.’ रिपीटर म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा. जिथे सिग्नलच नाही तिथे तो रिपीट काय करणार, कपाळ? तो मध्ये लावायचा असतो. त्यातही सिग्नल घेणं आणि पाठवणं एकाच रेडिओवर करणारा असेल तर वेग साधारण निम्मा.

चौथ्याने मात्र माझं डोकं फिरलं. ‘साधी लॅन केबल 300 मीटर हवेतून ओढा, कमी पडली तर जॉइनर लावा.’ तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा 100 मीटर आहे आणि जॉइनरने ती वाढत नाही. पण स्पीड गेला खड्ड्यात. दोन इमारतींमध्ये उघड्यावर टांगलेली तांब्याची तार म्हणजे आकाशातल्या विजेला घरात यायचं आमंत्रण. वीज तारेवरच पडायला हवी असंही नाही. जवळपास कुठे पडली तरी तारेत विजेचा दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात. त्या क्षणी कोणाचा हात तिथे असेल तर? तारच टाकायची तर फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची केबल टाका, तीही आत धातूची तार नसलेली. काचेतून वीज येत नाही.

तार नको असेल तर दोन्ही छपरांवर एकमेकींकडे तोंड केलेल्या बाहेरच्या डायरेक्शनल, म्हणजे एकाच दिशेला सिग्नल सोडणाऱ्या अँटेना बसवा. समोरचं छप्पर डोळ्यांना दिसलं की झालं, असं मात्र नाही. 300 मीटरच्या अंतरात मधोमध त्या सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी, वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झ लहरींवर सुमारे 2 मीटर जागा मोकळी लागते. ओली पानं तर सिग्नल पिऊनच टाकतात.

मामाच्या रेषेत नेमकं एक झाड आहे. आता तो मला विचारतोय, झाडाला फॉइल लावलं तर?