'तपास चालू आहे' एवढ्यावर गप्प बसू नका

पोलिसांकडून माहिती मागायची म्हटलं की घरचे आधी म्हणतात, "कशाला नादी लागतोस?" आमच्याकडेही तेच झालं. चुलतभावाला मारहाण झाली, तक्रार अर्ज दिला, आठ महिने उलटले तरी हातात फक्त पोच. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. लिहिला मी, सही त्याची. विचारलं, 'कारवाई का झाली नाही?' उत्तर एका ओळीचं: तपास सुरू असल्याने कलम ८(१)(ज) नुसार माहिती देता येत नाही.

यात एक चूक माझी होती. 'का'चं उत्तर या कायद्यात मिळत नाही, जे दप्तरी नोंदलंय तेच मिळतं. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा.

दुसरी चूक त्यांची, आणि तिची मला खरंच चीड येते. माहिती दिल्याने तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटल्यात अडथळा येणार असेल, तरच या कलमाखाली नकार देता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय की नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं. साक्षीदाराचं नाव, खबऱ्याची ओळख बाहेर जाऊ नये हे मलाही शंभर टक्के मान्य. त्यासाठी कलम १० आहे, तेवढा भाग झाकून बाकीचं द्यायचं. अख्खी फाईल कशाला दाबून ठेवायची?

ते उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागणारा अर्ज, केलं. सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नवा अर्जही दिला: आवक नोंदवहीतल्या नोंदीची प्रत, अर्जावरचे शेरे, चौकशी अहवाल असल्यास त्याची प्रत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे पाल्हाळ नाहीच.

सुनावणीनंतर तीन पानं मिळाली. तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांचा शेरा होता, 'चौकशी करून अहवाल सादर करावा.' त्याखाली पान कोरं. ना सही, ना तारीख, ना कुणाचा जबाब. आठ महिने चालू असलेला तपास तो हाच.

त्याच पानाची प्रत जोडून भावाने गेल्या आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवली आहे. तुमच्याकडेही असं एका ओळीचं पत्र पडलं असेल तर आधी त्यावरची तारीख बघा, अपिलाची मुदत अजून शिल्लक असेल.