स्कॅन झालं, पण वाचणार कोण?

आजकाल कुठल्याही जुन्या मंदिरावर ड्रोन फिरवला, खाली ढोल-ताशाचं म्युझिक टाकलं की झाला म्हणे वारसा डिजिटल. फिरवा ना, नांदेडकडच्या होट्टलचं मंदिर वरून भारीच दिसतं. पण पैसा आधी जायला पाहिजे तो वाचणाऱ्या माणसावर, असं माझं स्पष्ट मत आहे, पटो न पटो.

2023 ला कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा बघितलंच की सगळ्यांनी. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाकडं, त्यामुळं जुनी दप्तरं कुठं उर्दूत तर कुठं जुन्या मोडी लिपीत. बस्ते सुटले, धडाधड स्कॅन झाले आणि गाडं अडलं ते वाचणाऱ्यापाशी, मोडीवाल्यांना तर एकदम भाव आला. मी पण एका साइटवर आमच्या गावचं बघायला गेलो तर ही लांबलचक पीडीएफ, फाईलच्या नावात नुसते आकडे, गाव नाही, साल नाही, बसा सरकवत. याला डिजिटल म्हणायचं का कपाटच उचलून नेटवर ठेवलंय म्हणायचं?

आता म्हणतेत एआय वाचेल मोडी. वाचेल की, 2014 पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, आहेच. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, एका रेघेखाली सगळं सलग, वर प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं, तेव्हा मशीनला शिकवायला आधी कुणीतरी ढीगभर पानं बरोबर वाचून टाईप करून द्यावी लागणारच. ते काम करणाऱ्या पोरापोरींना मानधन द्या, ड्रोनवाल्याला नंतर बघू.

आणि सगळ्यालाच लाखांची मशीन लागते असंही नाही. मारुतीच्या पारापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, असतो बघा, खाली लढाई, मधी अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. दुपारी बघितला तर सपाट दगड. अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी एका बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा, घोड्याचा लगाम सुद्धा उठून दिसतो. झिजलेला शिलालेख असला तरी हेच. प्रत्येक बाजूनं उजेड टाकून एकेक फोटो घ्या, फक्त फोन हलू देऊ नका, मोठे अभ्यासक कॉम्प्युटरवर असेच फोटो एकत्र करून अक्षरं काढतेत. तारेच्या ब्रशनं घासू नका, खडू भरू नका, आणि ऑइल पेंट तर कृपा करून नकोच लेकाहो.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दबून बारीक होतो. अन् फाईलला नाव द्या, गाव, तालुका, दगड कुठं उभाय, तारीख.