वायर लपवा, पण गाडू नका

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की घरोघर रंगकाम निघतं, आणि रंगकाम निघालं की टीव्हीखाली लोंबणाऱ्या वायरींवरून वाद निघतो. यंदा गोव्यात, फोंड्याला, ओळखीच्या घरांत हेच चाललंय. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मोबाईल पुढे करतंच. त्यात परदेशातला एक माणूस छोट्या करवतीने भिंतीला दोन भोकं पाडतो, वरच्या भोकातून वायर सोडतो, खालच्यातून ओढून घेतो, दोन झाकणं बसवतो. काम खलास. "बघ, किती सोपं आहे!"

अहो, त्याची भिंत पोकळ आहे! अमेरिकेत बहुतेक घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडाचे उभे खांब आणि दोन्ही अंगांनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड. मध्ये नुसती हवा, वायर आपोआप खाली येते. आपली भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) किंवा विटेची, आरपार भरीव. इथे वायर भिंतीत घालायची म्हणजे ग्राइंडरने झिरी मारायची, छिन्नीने आतला माल काढायचा, पाइप बसवायचा आणि वरून सिमेंटने बुजवायचं. चिऱ्याला कटर लागला की जी तांबडी धूळ उडते ती ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. देवघरावर चादर घाला, दारं लावून घ्या, दोन दिवसांनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं की इस्त्रीच्या शर्टाच्या घडीत ती सापडतेच.

माझं म्हणणं सरळ आहे. गोव्यात, राहत्या घरात, टीव्हीच्या वायरी भिंतीत गाडू नयेत. लपवाव्यात, जरूर लपवाव्यात. पण अशा, की उद्या हाताने काढता येतील.

आधी पावसाचं बोलू. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चिरा मुळात सच्छिद्र. पश्चिमेच्या भिंतीवर वाऱ्यासकट पाऊस आपटला की गिलावा कितीही चांगला असो, जुलैत कुठे ना कुठे ओल फुटतेच. त्यात जुन्या गिलाव्यावर नव्या सिमेंटचा पट्टा आला की दोघांची सांध जमत नाही. पुढच्या पावसाळ्यात नेमकी त्याच रेषेवर भेग दिसते, मग रंगाचे पोपडे. म्हणजे वायर लपवली, पण कुठून गेली ते भिंत स्वतःच सांगते. आणि त्या ओलीत विजेच्या वायरीचा एखादा जोड असला तर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागतो. तो का पडतो हे शोधण्यात पुढचा आठवडा.

दुसरं म्हणजे टीव्हीसोबत येणारी प्लगवाली वायर भिंतीत पुरायची नसते. ती लवचीक वायर उघड्यावर, डोळ्यांसमोर वापरायला बनवलेली आहे. टीव्हीमागे वीज न्यायचीच तर पाइपातून रीतसर वायरिंग करून, अर्थिंगसकट सॉकेट बसवून न्यावी. व्हिडिओतसुद्धा त्यासाठी वेगळा डबा वापरतात, पण तेवढा भाग कुणी बघत नाही.

आणि एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणारी केबल. तिचं टोक प्लॅस्टिकसकट पाऊण इंचाच्या घरात जातं. वायरमन दिव्या-पंख्यासाठी जो पाइप आणतो त्यातून ते वळणावर अडकतं. मग काय करतात? पाइपच घालत नाहीत, केबल तशीच गिलाव्यात दाबून मोकळे होतात! आमच्या ओळखीत एकांनी हेच करून घेतलं. दोन-तीन पावसाळे गेले आणि चित्र लुकलुकायला लागलं. आता जुनी केबल भिंतीत चिरनिद्रा घेतेय आणि नवी भिंतीवरून लोंबतेय. बरं, केबल खराब झाली नाही तरी ती जुनी होतेच. एचडीएमआयची २.० आवृत्ती आली २०१३ मध्ये, २.१ आली २०१७ मध्ये, आणि २.१ ची पूर्ण ताकद हवी तर केबलही त्या दर्जाची लागते. भिंत पन्नास वर्षं टिकायला बांधलेली असते. तिच्या पोटात दहा वर्षांची वस्तू कशाला?

आमच्याकडचा जुना वायरमन याबाबतीत स्पष्ट आहे. कटर मारायला सांगितलं की तो भिंतीवर दोन टिचक्या मारतो आणि म्हणतो, "मारतां, पूण मागीर म्हाका सांगूं नाका." म्हणजे मारतो, पण नंतर मला सांगू नका. त्याच्या एवढ्या बोलण्यातच सगळं अंदाजपत्रक येतं.

आता एक गोष्ट, जी आतल्या सजावटीवाल्यांच्या डोक्यात येत नाही, कारण ते काम संपवून निघून जातात. वीज कडाडायला लागली की आपण टीव्हीचा प्लग काढतो. मे महिन्यातला वळीव असो की ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि डिशची केबलही काढायची. आता हा प्लग जर ५५ इंची टीव्हीच्या बरोबर मागे, भिंतीला चिकटलेल्या ब्रॅकेटच्या आड असेल, तर वीज चमकत असताना काळोखात तिथे हात घालणार कोण? शिवाय चपटा ब्रॅकेट लावला की मागे जेमतेम इंच-दीड इंच जागा उरते, तीन पिनांचा प्लग त्यात मावतही नाही. म्हणून सॉकेट टीव्हीच्या खालच्या कडेजवळ, बाजूला ठेवा. थोडा दिसला तर दिसला.

मग करायचं काय? केसिंग पट्टी. होय, तीच ती प्लॅस्टिकची चौकोनी पट्टी, जिला सगळे नाक मुरडतात. ती वाईट दिसते कारण पांढरीशुभ्र पट्टी पिस्ता रंगाच्या भिंतीवर वाकडी मारलेली असते. पट्टी ओळंब्यात उभी बसवा, टीव्हीच्या मध्यापासून थेट स्कर्टिंगपर्यंत. बारीक पॉलिश पेपर मारा, प्रायमर द्या आणि भिंतीचाच रंग भिंतीसोबत मारून घ्या. चार हातांवरून दिसत नाही. झाकण उघडतं, त्यामुळे केबलचं टोक केवढं आहे हा प्रश्नच उरत नाही. फक्त दुतोंडी टेपवर विसंबू नका, पावसाळी हवेत ती डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन खाली येते. स्क्रू मारा. विजेची वायर आणि सिग्नलच्या केबली वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवा. आणि जादा केबलचं वेटोळं टीव्हीमागे कोंबू नका, योग्य लांबीची विकत घ्या.

खरं तर आता बऱ्याच घरांत सेट टॉप बॉक्सही राहिलेला नाही, सगळं वायफायवर. मग एकच वायर उरते. एका वायरीसाठी भिंत फोडणाऱ्यांना मी हात जोडतो.

नवीन घर बांधताय? मग गोष्ट वेगळी, तिथे मीसुद्धा भिंतीतूनच न्या म्हणेन. गिलाव्याच्या आधी टीव्हीच्या जागेपासून खाली युनिटपर्यंत दोन इंची पाइप, सरळ उभा, कोपरा न घालता, आत ओढायला एक दोरी सोडून. विजेचा पाइप निराळा. मात्र चार इंची विटेच्या भिंतीत हे करू नका, दोन इंच खोदल्यावर भिंत उरते किती? कॉलमला तर कटर लावायचाच नाही, आत सळ्या आहेत. आणि पश्चिमेची बाहेरची भिंत शक्य असेल तर टीव्हीसाठी निवडूच नका.

राहता राहिलं ते पॅनेल. हल्ली सगळीकडे टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल बसवतात, आत सगळ्या वायरी गडप. दिसतं छान, पण एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आपल्या पावसात फुगतं, साध्या प्लायला वाळवी लागते, आणि मागच्या उबदार अंधारात पाली-झुरळांचा संसार थाटतो. हौसच असेल तर पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लॅस्टिकच्या मिश्रणाचं) घ्या, भिंतीपासून थोडं सोडून बसवा म्हणजे हवा खेळेल, आणि हात जाईल एवढं एक दार खाली ठेवायला सांगा. सुतार कुरकुर करील, डिझाइन बिघडतं म्हणेल. त्याला म्हणावं, बिघडू दे.