घर हिरवं शे, काका!

बेचाळीस हजार. पेंटरचा हिशेब अजून शर्टाच्या खिशात आहे, म्हणून आकडा आधीच सांगून टाकतो. दिवाळीच्या आधी आमच्या अमळनेरच्या घराला कलर दिला, अकरा वर्षं पिवळं होतं ते पोपटी हिरवं केलं. आणि काल सकाळी समोरचे काका ओट्यावरून विचारतात, "का रे भाऊ, औंदा घरले कलर देवाना इचार शे का नई?"

मी मागे वळून घर पाहिलं. हिरवंच होतं. खरं सांगतो, क्षणभर मलाच शंका आली.

"काका, दिधा ना! दिवाळीना आधी."

"कोन्ता?"

"हिरवा. पहिले पिवळा व्हता ना."

"पिवळा कव्हय व्हता?"

आता हा माणूस रोज सकाळी सहा ते दहा आमच्या घराकडे तोंड करून बसतो हो! पेंटर नऊ दिवस परांचीवर होते, त्यांच्यासोबत यानेच रोज चहा पिला. बरं नजर अधू म्हणावी तर मी पिशवीतून वांगे आणले की लांबूनच, "पाच किलो? भरीतले पाव्हना येवाना का?" पाचच किलो असतात. पण २०२४ ला गावात ९७वं साहित्य संमेलन भरलं, एवढा मोठा मांडव, तर म्हणे "कोन्हं लगन शे?"

रागारागात मोबाईलवर शोधलं तर निघालं की १९९८ साली सायमन्स आणि लेव्हिन नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच छापलंय. एक जण वाटसरूला रस्ता विचारतो, दोघं जण मधूनच एक दरवाजा उचलून नेतात, त्या आडोशाने विचारणारा माणूसच बदलतो आणि वाटसरू नवीन माणसाला आरामात रस्ता सांगत राहतो. १५ पैकी फक्त ७ जणांच्या लक्षात आलं. म्हणजे डोक्यात 'रस्ता विचारणारा' एवढीच नोंद, तो कोण याच्याशी घेणं नाही. आमच्याकडे हा प्रयोग जमलाच नसता, कारण दरवाजावाल्यांनाच अडवलं असतं, "सागवानी शे का? कितलाले लिधा?"

हे सगळं बायकोला सांगितलं तर ती म्हणे मिक्सर बदलून महिना झाला, तुम्हाला दिसला का. विषय काय चाललाय, ही बोलते काय.

तर काका. शेवटी ते ओट्यावरून उतरले, चष्मा वर केला, भिंत नखाने खरवडून पाहिली (बेचाळीस हजाराची भिंत!) आणि म्हणे, "बरा शे. पन पिवळा देता ते बेस दिसता."

मी निघालो तर मागून हाक. "भाऊ, आठे ये." ओट्याच्या कोपऱ्यात बोट ठेवून दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका.

"हाऊ हिरवा डाग तुन्हा पेंटरनी पाडेल शे. दिवाळीपासून देखी राह्यनू."

संध्याकाळी थिनर आणि फडकं घेऊन उकिडवा बसलो होतो. काका खुर्ची टाकून शेजारी. "तठे अजून शे," म्हणे.