माखुनिक गाव खरं, त्याचं ‘लिलिपुट’ मात्र खोटं

‘इराणच्या वाळवंटात सापडलं 5000 वर्षांपूर्वीचं लिलिपुट! माखुनिक गावातली सगळी माणसं तीन फुटांची. पुरावा म्हणजे तिथे मिळालेली 25 सेंटीमीटरची ममी. सरकारने हे गाव जगापासून लपवून ठेवलंय.’ बसक्या मातीच्या घरांच्या फोटोसकट हा मजकूर फॅमिली ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. (लिलिपुट म्हणजे ‘गलिव्हर’च्या गोष्टीतला चिमुकल्या माणसांचा देश.) गाव आहे आणि घरंही बसकी आहेत. बाकीच्या दाव्यांचं बघू.

‘लपवलेलं गाव’. माखुनिक दक्षिण खुरासान प्रांतात, सरबिशे तालुक्यात आहे, अफगाण सीमेपासून साधारण 75 किलोमीटरवर. वस्ती सातशेच्या आसपास. लोक सुन्नी, बोली खुरासानी ढंगाची फारसी. पर्यटक येतात, घरात वाकून शिरतात, फोटो काढतात. लपवायचं राहिलंय काय?

‘तिथे मिळालेली ममी’. खरी गंमत इथे आहे. 2005 साली गाजलेला तो छोटा देह माखुनिकचा नव्हेच. तो मिळाला केरमान प्रांतातल्या शहदाद भागात. नकाशा उघडून बघा, दोन ठिकाणांमध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर आणि मधे लूतचं वाळवंट. शहदादला कांस्ययुगीन वस्तीचं खरंखुरं उत्खनन झालंय, त्यामुळे ‘5000 वर्षां’चा आकडाही बहुधा तिथूनच उचलून इकडे चिकटवलेला. आणि तो देह? अभ्यासकांच्या मते सुमारे 400 वर्षांपूर्वी दगावलेलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं अर्भक. शिवाय 25 सेंटीमीटर म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षाही कमी. एवढ्या उंचीच्या माणसाला माखुनिकच्या घरांचं दीड मीटरचं छत कशाला लागेल, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्या कुणालाच पडला नाही!

‘घरं बुटकी, म्हणून माणसं बुटकी’. गावातल्या दोनेकशे जुन्या घरांपैकी सत्तर-ऐंशीच विशेष बसकी आहेत, साधारण दीड ते दोन मीटर उंचीची. दगड-माती माणसांनीच वाहून आणायची, तर भिंती उंच कोण बांधणार? लहान खोली थंडीत लवकर तापते, आणि डोंगरउताराच्या रंगात मिसळलेलं घर दुरून चटकन दिसत नाही. हल्लेखोरांचं भय असलेल्या मुलखात याला किंमत होती. आत धान्याची मातीची कोठी (तिला ‘कंदिक’ म्हणतात), मातीची चूल आणि झोपायला जागा. संपलं घर.

‘तीन फुटांची जमात’. यात थोडं तथ्य आहे, म्हणून तेही सांगायला हवं. पूर्वीच्या पिढ्या सरासरीपेक्षा ठेंगण्या होत्या, असं अभ्यासकही म्हणतात. पण कारण कुपोषणाचं. कोरडा मुलूख, जनावरं पाळणं कठीण. पिकायचं ते सलगम, थोडं धान्य, जव आणि बोराच्या जातीचं अन्नाब. जेवण म्हणजे वाळवलेल्या ताकाचा कश्क आणि सलगम एकत्र करून केलेलं ‘पोख्तिक’, किंवा कश्क आणि रानपिस्ते. (मुंबईच्या इराणी हॉटेलातल्या बेरी पुलावात पडणाऱ्या आंबट बेरीसाठी, म्हणजे झरेश्कसाठी, हाच प्रांत नावाजलेला, पण म्हणून माखुनिकच्या ताटात पुलाव नव्हता.) विसाव्या शतकाच्या मध्यावर रस्ते आणि गाड्या पोचल्या, तांदूळ आणि कोंबडी येऊ लागली, आणि पुढच्या पिढ्यांची उंची वाढली. वेगळी जमात असती, तर भात-कोंबडीने बदलली नसती.

आज माखुनिकची बहुतेक माणसं सर्वसाधारण उंचीची आहेत आणि विटांच्या घरांत राहतात. गावातल्या शेतीवर भागत नाही, म्हणून तरुण कामासाठी जवळच्या शहरांत जातात.